एका ब्रेकरचे चार

आमच्या भाऊजींना माणसं चेहऱ्यावरून आठवत नाहीत, चाकावरून आठवतात. रस्त्यात कुणी हात केला की ते नुसते हसतात आणि तो माणूस पुढे गेल्यावर मला विचारतात, "कोण गं हा?" मी म्हणते, "अहो, बँकेतले मॅनेजर." तरी चेहरा कोराच. मग मॅनेजरसाहेबांची गाडी शेजारून गेली की एकदम, "हां, हां! पुढचं डावं, दोनदा वाकलेलं. आता मागचंही गेलंय बघ."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अठ्ठावीस वर्षं झाली, ते गाड्यांची वाकलेली चाकं सरळ करतात. सगळा रस्ता त्यांना चाकवाले म्हणतो. त्यांचं खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर येतं. घर वर, तिथेच मीही राहते, आणि दुकान खाली. दुकान म्हणजे एक लांबट खोली, तिच्या एका भिंतीला खालपासून वरपर्यंत टेकून ठेवलेली रिकामी चाकं आणि मधोमध चाक फिरवून बघायचं यंत्र. चाक यंत्रावर चढवायचं, फिरवायचं आणि कडेला सुईचं घड्याळ धरायचं. सुई थरथरली की चाक वाकलेलं. भाऊजी सुई गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरती लावतात. त्यांना ते आधीच अंगठ्याने कळलेलं असतं. मग वाकलेल्या जागी थोडी आच द्यायची, जॅकने दाब द्यायचा, थांबायचं, पुन्हा फिरवायचं. घाई केली तर चाक तडकतं. म्हणून भाऊजी कुणालाही "तासाभरात देतो" असं सांगत नाहीत, आणि म्हणून त्यांच्या दुकानात दोन माणसं कायम उभी राहून कुरकुरत असतात.

गतिरोधकांबद्दल त्यांचं एक शास्त्र आहे. गतिरोधक हा शब्द सरकारी कागदावरचा, बोलताना आपण ब्रेकर म्हणतो. भाऊजी म्हणतात, "ब्रेकर कधी एकटा राहत नाही. त्याच्या पाठीला खड्डा असतोच." गाड्या चढतात आणि पलीकडे आपटतात, रोज हजार वेळा एकाच जागी. तिथलं डांबर सुटतं, पाणी साचतं, खड्डा होतो. चालवणाऱ्याचं सगळं लक्ष ब्रेकरवर. तो पार झाला की माणूस सुस्कारा सोडतो, पाय ॲक्सिलरेटरवर ठेवतो आणि चाक खड्ड्यात. "चाक ब्रेकरवर वाकत नाही," असं ते म्हणतात, "ब्रेकर ओलांडल्याच्या आनंदात वाकतं."

त्यावर त्यांचा उपाय एकच, तिरकी घालायची. गाडी ब्रेकरवर सरळ न नेता कोन करून न्यायची, म्हणजे एकेक चाक सावकाश चढतं, गाडीचं पोट घासत नाही आणि पलीकडचा खड्डाही बगलेतून निघून जातो. हे त्यांनी गावातल्या निम्म्या गिऱ्हाइकांना शिकवलं. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा आहे, पण चाक वाकलेलं त्यांना बघवत नाही. आता माणसाचा स्वभाव म्हटल्यावर काय करणार?

आणि मी नोकरीला कुठे? रस्ते खात्यात, तक्रारीच्या खिडकीवर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं भाऊजींच्या नशिबी मी मेहुणी आले. दोन वर्षांत त्यांनी माझ्याच खिडकीत एक्केचाळीस अर्ज दिले. घरात रोज भेटणारा माणूस, पण अर्ज द्यायला रांगेत उभा राहायचा. प्रत्येक अर्जात फळी आणि टेप लावून स्वतः घेतलेली मापं, ब्रेकरची उंची, रुंदी, पांढरे पट्टे आहेत की नाहीत, पलीकडचा खड्डा किती खोल. मी शिक्का मारायची, 'नोंद घेतली.' अर्ज वर जायचा आणि वरच राहायचा. एकदाच उत्तर आलं, 'सदर गतिरोधक नियमानुसार आहे.' भाऊजींनी ते दुकानात यंत्राच्या वर चिकटवलं. संध्याकाळी मी घरी आले की जिन्यात आरोळी यायची, "काय साहेब? नवीन डोंगर कुठे बांधताय?" आधी मला हसू यायचं. मग राग यायचा. पुढे काहीच येईनासं झालं.

ताई पडली ती गॅलरीच्या पायऱ्यांवरून, ओल्या कपड्यांची बादली घेऊन. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत स्क्रू बसवले. डॉक्टर फटकळ माणूस. त्यांनी मला आणि भाऊजींना समोर बसवून सांगितलं, "सहा महिने, आठवड्यातून तीन दिवस आणायचं. इथे पाण्याची टाकी आहे, त्यात उभं राहून चालायला शिकायचं. नेमाने केलं तर काठी घेऊन चालतील. मध्येच सोडलं तर खुर्ची, आणि ती मग सुटायची नाही. नंतर माझ्याकडे रडत येऊ नका."

घर ते हॉस्पिटल वाटेत नऊ ब्रेकर. प्रत्येकाला भाऊजींनी नाव ठेवलेलं, शाळेचा, उंट, जुळे भाऊ, गोदामाचा. सहावा, गोदामाचा, सगळ्यांत वाईट. त्याच्या पलीकडे डाव्या अंगाला घमेलं मावेल एवढा खड्डा.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. भाऊजी दुकान अर्धं बंद करायचे. मागच्या सीटवर उशी ठेवायची, ताईला दोन्ही हातांनी धरून बसवायचं, पट्टा स्वतः लावायचा. प्रत्येक ब्रेकरच्या आधी गाडी जवळजवळ थांबवायची, मान पुढे काढून कोन साधायचा, श्वास रोखायचा आणि तिरकी घालायची. चारी चाकं उतरली की श्वास सोडायचा आणि आरशात न बघताच विचारायचं, "कशी गेली?"

"छान गेली," ताई म्हणायची.

मी एकदोनदा पुढे बसून हे बघितलं. कोणी बायकोला इतक्या जपून नेत असेल असं मला वाटलं नव्हतं. माझं लग्न झालं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

चौथा महिना संपत आला तेव्हा एका शनिवारी परत आल्यावर ताई पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "आता पुरे. मंगळवारपासून मी येत नाही."

भाऊजींच्या हातात उशी तशीच. "अगं, दोनच महिने राहिलेत."

"राहू देत."

"टाकीत दुखतं का?"

"नाही."

"त्या व्यायामाच्या बाई ओरडतात?"

"नाही हो. चांगल्या आहेत बिचाऱ्या."

"मग काय झालं?"

"कंटाळा आला," ताई म्हणाली. "खुर्ची तर खुर्ची. बसून भाजी तरी निवडेन."

ताईने आयुष्यात कंटाळा हा शब्द कधी वापरला नव्हता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सात वर्षं तिने केलं, तेव्हाही नाही. मला ते खटकलं, पण मी मूग गिळून बसले. मी तिची समजूत घातली ती एवढीच, की आणखी एक आठवडा जायचं, मग तिच्या मनाप्रमाणे. ती हो म्हणाली, पण कशी, तर सरकारी कागदावर सही करावी तशी.

भाऊजी खचले. ज्याला जे येतं ते तो करतो. रविवारी दिवसभर त्यांनी गाडी उचलून ठेवली, चारी शॉकॲब्सॉर्बर बदलले, चाकांतली हवा थोडी कमी केली, दुसरी उशी आणली. "आता कळणारसुद्धा नाही तिला," मला म्हणाले. "आणि मी आणखी तिरकी घालतो. पार आडवी घालतो." त्यांचे डोळे लाल होते. ते झोपेने की कशाने, मी विचारलं नाही.

सोमवारी चाकाची कड घासताना त्यांनी चष्मा काढला आणि धातूची कणी डोळ्यात गेली. अठ्ठावीस वर्षांत असं झालं नव्हतं. डॉक्टरांनी कणी काढली, डोळ्यावर पट्टी बांधली, तीन दिवस गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

म्हणजे मंगळवारी मी. मी गाडी चालवत नाही, हाकलते, हे भाऊजींचं मत आणि ते खोटं नाही. मी रजा टाकली. एका डोळ्याने ते दारातून ओरडत होते, "तिरकी घाल! ऐकतेस ना? तिरकी!" मी मान हलवली.

पहिल्याच ब्रेकरला मी कोन करायला गेले तर समोरून ट्रक. मी घाबरून स्टिअरिंग सरळ केलं आणि गाडी सरळच चढली, सरळच उतरली. आता ताई किंचाळणार म्हणून मी दात आवळले. मागून काही आवाज नाही. दुसऱ्याला पुन्हा प्रयत्न केला, जमेना. मग मी नाद सोडला. आठवड्याचाच तर प्रश्न आहे, असं स्वतःला म्हणाले. पाच ब्रेकर सरळ गेले. सहाव्याला, गोदामाच्या, डावं चाक खड्ड्यात पडलं आणि ठण्ण असा आवाज आला.

"ताई!"

"काही नाही गं. चल तू."

परत येताना ताई खिडकीतून बाहेर बघत होती. "त्या घराला हिरवा रंग दिलाय बघ," ती म्हणाली. "शोभत नाही." मी आरशात बघितलं. चार महिन्यांत त्या गाडीत तिने 'छान गेली' सोडून काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

दारात गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "आज कमी दुखलं."

"टाकीत?"

"गाडीत."

आणि मग तिने जीभ चावली. पण मी तक्रारीच्या खिडकीवर एकवीस वर्षं काढली आहेत, अर्धवट तक्रार मला लगेच कळते. मी इंजिन बंद केलं आणि मागे वळून बसले. ती उशीचं टोक चुरगळत राहिली.

"सरळ गेली की पुढची दोन्ही चाकं एकदम चढतात, मग मागची दोन्ही," ती म्हणाली. "दोन धक्के. वर आणि खाली. मी तयारीत असते, हातावर भार घेते. तिरकी गेली की एकेक चाक चढतं. आधी एकीकडे कलते मी, मग दुसरीकडे, मग मागची दोन, पुन्हा तसंच. एका ब्रेकरचे चार होतात. आणि कलले की आतलं हाड स्क्रूभोवती फिरल्यासारखं होतं. शनिवारी वाटलं, आता हे नको. खरंच नको."

"अगं बये, मग सांगायचं नाहीस?"

"कुणाला सांगू? हे नऊ ब्रेकरांवर नऊ वेळा श्वास रोखतात. मी मागून बघते ना, मानेच्या शिरा ताठतात ह्यांच्या. ह्यांना तेवढंच येतं माझ्यासाठी करायला. ते पण दुखतं म्हणून सांगू?" तिने माझा हात धरला. "तू बोलायचं नाहीस. शपथ आहे."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

तेवढ्यात भाऊजी पट्टी बांधलेल्या डोळ्याने बाहेर आले आणि सवयीने आधी गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी खाली बसले. कडेवरून अंगठा फिरवला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"सरळ घातलीस," ते म्हणाले. "गोदामाच्या ब्रेकरवर सरळ घातलीस तू. चाक गेलं ते गेलं, पण मागे कोण बसलंय ह्याचा विचार केलास? तिचं हाड नुकतं जोडलेलं, आणि तू गाढवासारखी..."

खरं म्हणजे गप्प बसायचं होतं. पण दिवसभर लोकांचं ऐकून घेणारी माणसं घरी ऐकून घेत नाहीत. "मागे कोण बसलंय?" मी म्हटलं. "तुम्ही बसलात कधी मागे? चार महिने तिचा जीव जातोय तुमच्या त्या तिरक्या घालण्याने, आणि तुम्ही चाकं कुरवाळताय!" आणि एका ब्रेकरचे चार कसे होतात ते सगळं सांगून टाकलं, एका दमात, गाडीचं दार उघडं, ताई आत.

ताईने डोळे मिटून घेतले. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण ज्याने जाळलं त्याला कळलं की काय होतं, ते मी तेव्हा बघितलं. भाऊजींनी ताईला उतरवलं, वर नेलं, पाणी दिलं आणि खाली येऊन दुकानात स्टुलावर बसले. शटर अर्धं ओढलेलं. एक गिऱ्हाईक वाकून बघून निघून गेलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्यांचा रागही आला, आणि ह्या दोन्हींचं काय करावं ते कळेना.

बुधवारी मी ऑफिसमधून आले तर ते गाडीपाशी उभे. चाक त्यांनी एका डोळ्याने सरळ करून बसवलेलं. किल्ली माझ्या हातात दिली आणि मागचं दार उघडून ताईच्या जागेवर बसले. दोन्ही उशा जागेवर, पट्टा लावलेला.

"चल. मी सांगतो तशी घाल."

त्या दिवशी मी तिरकी घालायला शिकले. मागून सूचना येत होत्या, "आणखी डावीकडे. हं. सोड हळूच." पहिल्या ब्रेकरला ते म्हणाले, "बरोबर." उंटाला त्यांनी उशी नीट करून घेतली. जुळ्या भावांवर एकापाठोपाठ आठ धक्के बसले तेव्हा त्यांनी खिडकीवरची मूठ धरली. गोदामाचा ब्रेकर मी इतका सुरेख ओलांडला की चाकाला खड्ड्याचा वाराही लागला नाही. मागून शाबासकी आली नाही. नवव्यानंतर ते म्हणाले, "थांबव."

हॉस्पिटलच्या फाटकासमोर आम्ही तसेच बसून राहिलो. माणसं आत जात होती, बाहेर येत होती.

"मला तर काही मोडलेलंसुद्धा नाही," शेवटी ते म्हणाले. "परत जाताना सरळ ने."

सरळ नेली. घरासमोर गाडी थांबली तरी ते उतरेनात.

"अठ्ठावीस वर्षं मी पुढेच बसलो," ते म्हणाले. "जाता येता अठरा ब्रेकर. अठरा चोक बहात्तर. दर फेरीला बहात्तर. आणि मी तिला दर वेळी विचारायचो गं."

"काय?"

"कशी गेली म्हणून."

मी म्हटलं, "चला, चहा करते." चहा केला. तो त्यांनी घेतला नाही.

गुरुवारी सकाळी पट्टी निघाली. आठवड्यातले अजून दोन दिवस बाकी होते, पण ताई खाली येईल की नाही मला खात्री नव्हती. ती आली, कठड्याला धरून, एकेक पायरी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. भाऊजींनी तिला बसवलं, उशी लावली, पट्टा लावला. मी मोडलेल्या शपथेबद्दल ताईने माझ्याकडे नुसतं एकदा बघितलं. ते मला जन्मभर पुरेल. मी मुकाट्याने पुढच्या सीटवर बसले.

पहिला ब्रेकर आला. भाऊजींनी गाडी जवळजवळ थांबवली, मान पुढे काढली, हात सवयीने वळायला लागले. मग त्यांनी स्टिअरिंग सरळ धरलं. गाडी चालत्या माणसापेक्षाही हळू चढली, हळू उतरली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवून कान किटवले. भाऊजींनी विचारलं नाही, "कशी गेली?" उंटावर तसंच. जुळ्या भावांवर तसंच. गाडीत इतकी शांतता मला सोसेना, पण ह्या वेळी मी जीभ आवरली. कानाला खडा लावला होता.

सहावा आला. डावीकडे तो खड्डा, उजवीकडे गोदामातून निघालेला ट्रक. वाचायचं तर तिरकी घालावी लागली असती. भाऊजींनी सरळ घातली. डावं चाक कडेवर आदळलं. ठण्ण.

असा आवाज झाला की भाऊजी गाडी थांबवतात, उतरतात, चाकाला हात लावतात. हमरस्ता असो, पाठीमागे रांग लागो, अठ्ठावीस वर्षांचा नेम आहे. आताही त्यांनी गाडी थांबवली. हात दाराकडे गेला. मग परत आला. त्या हाताने त्यांनी आतला आरसा वळवला, ताई दिसेल असा.

"दुखलं?" त्यांनी विचारलं.

मागून हॉर्न वाजत होते. मी समोर बघत राहिले.

"दुखलं," ताई म्हणाली. "थोडं. शनिवारी इथे जरा आणखी हळू घ्या."